सैल ठेवू का बसतं?

आर्णीत गरम कपड्यांचा मोसम लवकर आटोपतो. दिवाळीच्या सुमारास कापसाचे वेचे सुरू झाले की बाजारात शाली, कानटोप्या, मफलर दिसायला लागतात. संक्रांत सरली की दुकानदार उरलेला माल गठ्ठ्यात बांधून माळ्यावर टाकतो. मग पाऊस येईपर्यंत अरुणावतीकाठचं हे गाव नुसतं तापत असतं. एप्रिलमध्ये थर्मल मागायला गेलं तर कुणाकडे मिळायचं नाही. म्हणून मे महिन्यातल्या केदारनाथची तयारी मी २०२३च्या जानेवारीतच केली. त्या तयारीत काही माणसांनी मला हात दिला. पैशांचा हिशेब केव्हाच मिटला. बाकीचं देणं मिटण्यातलं नाही, ते निदान लिहून ठेवावं म्हणून हे.

मी ट्रान्स पुरुष आहे. जन्माची नोंद मुलगी म्हणून झाली, वाढवलं मुलगी म्हणून. मला स्वतःला मात्र कळायला लागल्यापासून मी मुलगाच आहे हे ठाऊक होतं. आमच्या भागात तृतीयपंथी म्हटलं की साडीतली व्यक्तीच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. त्यांचं जगणं सोपं नाही, पण त्यांना गुरू असतो, घराणं असतं, एकमेकींचा आधार असतो. माझ्यासारख्यासाठी गावात काहीच नव्हतं, शिवीसुद्धा नव्हती. २०१८ साली बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांची बातमी पेपरात आली. मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि पुरुष शिपाई म्हणून ते नोकरीवर परतले. बाबांनी ती बातमी सावकाश वाचली, पुन्हा वाचली, पेपरची घडी बातमी वर राहील अशी घातली, माझ्यापुढे ठेवली आणि वावरात निघून गेले. त्या विषयावर ते आयुष्यात माझ्याशी एवढंच बोलले. मला ते पुरलं.

पुढचं कागदांचं काम मी केलं. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४च्या नाल्सा निकालात सांगितलं होतं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्यानंतर २०१९चा कायदा आला, तो जानेवारी २०२०पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राचं पोर्टल सुरू झालं. तिथे अर्ज भरला, प्रतिज्ञापत्र जोडलं, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावरून आधार बदललं. कागद बदलायचा म्हणजे कोणती खिडकी आणि कोणता फॉर्म हे निदान लिहिलेलं असतं. कपड्यांचं तसं कुठे लिहिलेलं नाही.

बाबा गेल्यावर आईने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. "मले केदारनाथले जायचं हाये. तू ने." यात्रा कंपनीच्या बसने जा म्हटलं तर म्हणाली, "परक्यायसंग कायले जाऊ? पोरगा हाये ना मले." ती मला पोरगा म्हणायला लागून तेव्हा थोडेच महिने झाले होते.

आता अडचण काय होती ते नीट सांगतो, कारण बाहेरच्याला ती दिसत नाही. आर्णीच्या उन्हात मी सैल खादीचा शर्ट घालतो, आत छाती सपाट करणारा बाइंडर असतो, आणि कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. गौरीकुंडापासून सोळा-सतरा किलोमीटरची चढण आहे, आणि वर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तिथे बाइंडर घालून चढणं म्हणजे आधीच अपुऱ्या श्वासाला गाठ मारणं. हे मला नागपूरच्या एका मोठ्या मित्राने सांगितलं. तोही ट्रान्स पुरुष, वयाने मोठा, मी त्याला दादा म्हणतो. "आठ तासांच्या वर नाही, झोपताना कधीच नाही, चढणीवर तर अजिबात नाही. आणि क्रेप बँडेज गुंडाळायचा विचारही करू नको, बरगड्या जातात," असं त्याने फोनवर दोनदा बजावलं. मग छाती झाकायची कशाने? "कपड्यांनीच. थंडी आपल्या बाजूची आहे," तो म्हणाला. "फक्त थर नीट निवड."

थरांचं शास्त्र सगळ्यांना सारखंच. आतला थर घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला हवा कोंडून ऊब धरणारा, वरचा वारा-पाणी अडवणारा. सुती कपडा आत नको. आम्ही कापूस पिकवणारी माणसं, तरी हे मानावं लागतं: घामाने भिजलेलं सूत अंगावर वाळत नाही, आणि चढून गेल्यावर थांबलं की तेच सूत अंग गारठवतं. आमच्यासारख्यांना मात्र या प्रत्येक थराचा आणखी एक हिशेब असतो. थर्मल अंगाला चिकटूनच हवं, नाहीतर ते ऊब देत नाही, आणि चिकटलं की सगळं दाखवतं. बायकांच्या थर्मलला गळ्याशी लेस असते आणि कमरेत आकार असतो. पुरुषांच्या सगळ्यात लहान मापात खांदे लोंबतात आणि सीटवर ते ताणतं. जाकिटाच्या तळाला इलॅस्टिक असलं की ते कमरेवर गोळा होतं आणि खालची रुंदी उठून दिसते. बूट पुरुषांत बहुतेक सहा नंबरपासून सुरू होतात, माझा पाय पाचचा. आणि हे सगळं आमच्या खिशाला परवडायला हवं. २०२२मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस तेव्हा आठ हजारांच्या आसपास घोटाळत होता. भाव चढेल म्हणून जिल्ह्यात घरोघरी कापूस भरून ठेवलेला, आमच्याही पुढच्या खोलीत छतापर्यंत. घरात माल होता, हातात पैसा नव्हता.

थर्मलचा प्रश्न मुलांच्या मापाने सुटला. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठीचं थर्मल मला खांद्यात बरोबर बसलं आणि मोठ्यांच्या मापापेक्षा स्वस्तही पडलं. बूटही शाळकरी मुलांच्या रॅकवरचे, पाच नंबर, जाड तळव्याचे, आत पातळ नायलॉनचा मोजा आणि त्यावर लोकरीचा. बुटक्या, बारीक अंगाच्या कुठल्याही ट्रान्स मुलाला मी आज हेच सांगतो: मोठ्यांच्या दुकानात जाऊन सगळ्यात लहान माप मागण्याआधी पोरांच्या मापात बघ.

वरचं जाकीट ताईने दिलं. ती पुसदला असते. भावजींबरोबर शिमल्याला गेली होती तेव्हाचं, आतून फर, बाहेरून वाऱ्याला दाद न देणारं. चांगलं, महागाचं, आणि पुरतं बायकी: छातीला टक्स, कमरेत घेतलेलं, पुढे मोठी गोल बटणं. तिने ते पिशवीतून काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे असंच घालायचं नाही. मास्टरकडे घेऊन जा. उसवलं तरी चालते, मले परत नको." लग्नानंतर तिच्या स्वतःच्या पैशाने घेतलेली ती एकच चैनीची वस्तू होती. तिने ती उसवायला दिली.

मास्टरचं दुकान कंबलपोष बाबांच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. आर्णीची ओळखच त्या दर्ग्याने आहे. उर्साला हिंदू, मुसलमान, बंजारा तांड्यांवरची माणसं, सगळी लोटतात. मास्टर गावातले जुने जेन्ट्स टेलर. शाळेत असताना मी त्यांच्या दुकानावरून रोज जायचो आणि आत टांगलेल्या सफारींकडे बघायचो. आत जायची हिंमत मात्र मोठा झाल्यावरही होत नव्हती. माप म्हणजे कुणीतरी तुमच्या छातीभोवती टेप फिरवणार आणि आकडा मोठ्याने सांगणार. त्यांच्याकडे एक पोरगा वही घेऊन बसलेला असतो. मास्टर बोलतात, तो लिहितो: छाती, कंबर, सीट, तीरा, बाही, मुंढा. हा आकडा गावभर होणार अशी भीती मी वर्षानुवर्षं बाळगली होती.

मी संध्याकाळी गेलो, पिशवीतून जाकीट काढून मशीनवर ठेवलं आणि म्हणालो, "चाचा, हे माझ्यासाठी करायचंय." त्यांनी जाकीट उलटं केलं, अस्तराच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, आतला दाब किती सोडलाय ते पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पोराला म्हणाले, "जा, चहा सांगून ये." तो गेला. त्यांनी वही स्वतःच्या मांडीवर घेतली. टेप आधी खांद्यावर टाकली, मग बाहीला. छातीशी आले तेव्हा टेप माझ्या हातात दिली. "तूच धर. मी आकडा पायतो." मी टेप धरली, त्यांनी आकडा पाहिला, वहीत लिहिला, तोंडाने उच्चारला नाही. मग विचारलं, "सैल ठेवू का बसतं?"

या प्रश्नाचं मोल कसं सांगू? आयुष्यभर मला लोकांनी विचारलं होतं तू असा का, हे कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का. मास्टरांनी विचारलं ते फक्त गिऱ्हाइकाला विचारतात ते. दोन बोटं सैल, मी म्हणालो. "बरोबर," ते म्हणाले, "आत स्वेटर येईल. मुंढा थोडा मोठा करतो, काठी धरून चढशील तं हात वर केल्यावर जाकीट वर नाई ओढलं पायजे." त्यांनी टक्स उसवले, कमरेतली शिवण सरळ केली, दाबात होतं तेवढं कापड सोडवलं. बटणं काढून तिथे जाड चेन बसवली. छातीवर दोन्हीकडे झाकणाचे खिसे लावले. ते खिसे मी मागितले नव्हते. खिशाच्या झाकणाने छातीची रेघ मोडते, नजर तिथे ठरत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं असेल कोण जाणे. कपड्याने माणसाला काय काय सावरता येतं हे पन्नास वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला माहीत असणारच. मजुरी त्यांनी साध्या अल्टरेशनची लावली. खिशांची धरलीच नाही.

मधला थर राहिला होता, आणि खरी ऊब त्याच्यातच असते. त्यासाठी यवतमाळला गेलो. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले विदर्भातल्या मोठ्या गावांत येतात. लोक त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणतात, ते बरोबर नाही. १९५९मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं देश सोडून आली. त्यांतल्या काहींची वसाहत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला आहे. ती १९७२ साली वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. मी ज्यांच्याकडे गेलो त्या बाई गोठणगावच्याच. तिथेच वाढलेल्या, झाडीपट्टीच्या वळणाचं मराठी बोलणाऱ्या. त्यांचा मुलगा त्यांना आमा म्हणत होता, मीही तेच म्हणायला लागलो.

मोसम संपत आला होता. माल उरलेला, भाव उतरलेला. मी बायकांच्या आणि पुरुषांच्या रॅकच्या मधोमध उभा होतो, नेहमीसारखा. आमांनी मला हाताने पुरुषांच्या बाजूला बोलावलं. पाठीमागून आल्या, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकून मोजलं आणि दोन स्वेटर काढले. एक पातळ, मऊ, दिसायला छान. तो त्यांनी स्वतःच बाजूला केला. "हा चिपकते. तुला नको." दुसरा जाड, गडद निळा, उभ्या जाड वेण्यांच्या विणीचा. अंगावर घातला तर तो छातीवरून वळला नाही, सरळ खाली उतरला. आमांनी खालची किनार धरून जरा ओढली, मागे होऊन पाहिलं. "हा सरळ पडते. बघ, भाऊ." त्याच्यावर घालायला त्यांनी बिनबाह्यांचा एक फ्लीसचा जाकीटवजा तुकडा दिला: ऊब पोटाला आणि छातीला, हात मोकळे, आणि समोरून आणखी एक सपाट थर. शिवाय हातमोजे आणि कान झाकणारी टोपी. सोळाशे रुपये झाले. माझ्याजवळ हजार होते.

मी हातमोजे परत ठेवायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "बर्फात जाशील ना? पहिले हातच जाते." बाकीचे कापूस विकल्यावर दे, म्हणाल्या.

त्या उधारीचं वजन मला नंतर कळलं, त्यांच्या मुलाशी बोलताना. हा सगळा माल लुधियानाचा. तिथले व्यापारी तिबेटी विक्रेत्यांना मोसमाच्या सुरुवातीला माल उधारीवर देतात, बहुतेक वेळा निव्वळ शब्दावर, आणि हिवाळा संपला की हे लोक पैसे फेडून येतात. अशी पिढ्यांची पत आहे. एकदा ती मोडली तर पुढच्या हिवाळ्याला माल नाही. म्हणजे आमा ज्या वेळी मला सहाशे रुपये थांबायला तयार झाल्या, ती त्यांची स्वतःची फेडीची वेळ होती. ओळख तासाभराची, गाव माझं दुसरं, हातात माझा एक फोन नंबर. ज्यांना एक देश सोडून दुसऱ्यात राहावं लागलं त्यांनी विश्वास हेच भांडवल करून ठेवलं आहे, आणि त्यातलं थोडं त्या दिवशी त्यांनी मला दिलं.

मार्चमध्ये भाव चढायची वाट न बघता आम्ही कापूस काढला. मी फोनवरून सहाशे पाठवले. थोड्या वेळाने आमांचा फोन आला. पैसे मिळाले हे सांगायला नव्हता. थर्मल घेतलं का, मोजे लोकरीचे आहेत का, आई काय घालणार आहे, हे विचारायला होता.

त्या वर्षी केदारनाथचं मंदिर २५ एप्रिलला उघडलं आणि सुरुवातीलाच इतका बर्फ पडला की काही दिवस नवी नोंदणी थांबवावी लागली. आम्ही मेमध्ये गेलो तेव्हाही वाटेच्या कडेला बर्फाच्या भिंती होत्या. नागपूरहून दिल्ली, तिथून हरिद्वार, पुढे बसने सोनप्रयाग. सोनप्रयागला कागद तपासणाऱ्या पोलिसाने माझं कार्ड पाहिलं, मला पाहिलं आणि आईला विचारलं, "माताजी, बेटे के साथ आई हो?" आईला हिंदी फारसं येत नाही. "हो. माह्या पोट्ट्यासंग," ती म्हणाली आणि चालायला लागली.

चढताना बाइंडर पिशवीच्या तळाशी होता. त्याच्याशिवाय घराबाहेर चालण्याची मला सवय नव्हती, आणि तरी त्या वाटेवर मी श्वास पोटभर घेतला. आईला घोड्यावर बसवलं होतं, मी बाजूने चालत होतो, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून. मुंढा मोठा केल्याने काठी उचलताना जाकीट खरंच जागचं हललं नाही. पाणी मी घोटाघोटाने पीत राहिलो. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्यातले बरेच जण शौचालयाच्या भीतीने प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि उंचीवर ती गोष्ट जिवावर बेतू शकते. जिथे कडी नव्हती तिथे आई पत्र्याच्या दाराशी पाठ लावून उभी राहिली. एका बाईने तिला हटकलं तर म्हणाली, "थांबा जरा, लेकरू आत हाये."

ज्या रात्रीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती सगळ्यात सोपी गेली. वर तंबूत दहा-बारा पुरुषांमध्ये झोपायचं होतं. आर्णीत पुरुष उघड्या अंगाने खाटेवर पडतात. तिथे एकानेही स्वेटरसुद्धा काढला नाही. कुणी आंघोळ केली नाही, कुणी कपडे बदलले नाहीत. सगळे टोप्या घालून, मोजे घालून, रजईत शिरले. आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या रांगेत मी त्यांच्यासारखाच झोपलो, आणि तेही छाती न आवळता. पहाटे शेजारच्या काकांनी थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला आणि विचारलं, "कहाँ से हो, बेटा?" आर्णी म्हटल्यावर त्यांना कळलं नाही. नागपूरच्या पलीकडे, यवतमाळ जिल्हा, मी सांगितलं. ते संत्र्यांविषयी बोलायला लागले.

परत आल्यावर सगळं धुऊन, वाळवून, डांबरगोळ्या घालून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. दिग्रसकडचा एक पोरगा आहे, आपल्यातलाच, जानेवारीत दिल्लीला परीक्षेला जायचंय, घरातून पैसा मिळणार नाही. मी स्वेटर, थर्मल, हातमोजे बांधून दिले. फ्लीसही दिला. जाकीट त्याला घालून पाहिलं तर खांद्यात आवळत होतं. तो माझ्याहून अंगाने भरलेला आहे. ते घेऊन मी मास्टरांकडे गेलो. त्यांनी शिवण उघडून आत बघितलं, दाब संपलेला होता. कपाटातून त्याच रंगाच्या कापडाची पट्टी शोधून काढली, जाकिटावर ठेवून उजेडात धरली.

"काखेत कळी घालून देतो," म्हणाले. "पण माप लागन. घेऊन ये त्याले. सहानंतर ये, तवा वहीवाला पोट्टा घरी गेला असते."